डांबरगोळी झिजते कुठे? घरच्या काट्यावर संप्लवन मोजण्याची रीत

मे महिन्यात सोलापुरातलं कुठलंही जुनं कपाट उघडा, आधी डांबरगोळ्यांचा वास येतो, मग कपडे दिसतात. दिवाळीच्या आवराआवरीत ठेवलेली सुपारीएवढी गोळी एव्हाना वाटाण्यावर आलेली असते. खाली ओल नाही, डाग नाही, राख नाही. स्थायू पदार्थ द्रव न होता थेट वायू होतो त्याला संप्लवन म्हणतात, ही व्याख्या शाळेत सगळ्यांची पाठ झालेली असते. प्रयोगही ठरलेला. चिनीमातीच्या बशीत नवसागर, वर पालथं नरसाळं, नरसाळ्याच्या नळीत कापसाचा बोळा, खाली दिवा. पांढरा धूर निघाला की मुलं खूश, आकृती काढली की मार्क पक्के.

माझं मत विचाराल तर संप्लवन शिकवायला याहून वाईट प्रयोग नाही. एक तर त्यातल्या नवसागराचं खऱ्या अर्थाने संप्लवन होतच नाही, त्याबद्दल पुढे सांगतो. दुसरं म्हणजे ज्योत बघून मुलांचा पक्का समज होतो की तापवल्याशिवाय हे घडत नाही. प्रत्यक्षात कपाटातल्या गोळीला कुणीच तापवलेलं नसतं. ही क्रिया रात्रंदिवस, कुठल्याही तापमानाला, आवाज न करता चालू असते. डोळ्यांना ती दिसत नाही, काट्यावर मात्र दिसते. म्हणून खाली जे सांगतोय त्यात धुरापेक्षा वजनाला मान जास्त आहे, आणि ज्योत जवळजवळ कुठेच नाही. सोलापूरकरांची सोय अशी, की यासाठी लागणारी उष्णता मार्च ते मे आपल्याकडे फुकट मिळते.

आधी थोडा हिशेब

स्थायूच्या पृष्ठभागावरचे रेणू सतत थरथरत असतात. त्यातले काही इतके जोरात, की शेजाऱ्यांची पकड सोडून हवेत निसटतात. निसटलेले काही परत येऊन चिकटतातही. भांडं बंद असेल तर थोड्या वेळाने जाणारे आणि येणारे सारखे होतात, आणि त्या वेळी त्या वाफेचा जो दाब असतो तो त्या पदार्थाचा बाष्पदाब. लोखंडाचा बाष्पदाब आपल्या घरच्या तापमानाला नगण्य, म्हणून खिळा झिजत नाही. डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनचा २५ अंश सेल्सिअसला सुमारे ११ पास्कल असतो. हवेच्या दाबापुढे हा दहा हजारांत एक भाग आहे, पण गोळी संपवायला तेवढा पुरतो.

गंमत आहे ती तापमानाची. नॅफ्थलीनचा बाष्पदाब साधारण ७-८ अंश वाढले की दुप्पट होतो. २५ अंशाला ११ पास्कल, तर ४० अंशाला त्याच्या चौपट. पुण्याच्या हिवाळ्यातली गोळी आणि सोलापूरच्या वैशाखातली गोळी यांच्या आयुष्यात एवढा फरक पडतो तो त्यामुळे. हवेतल्या दमटपणाचा मात्र इथे संबंध नाही. कपडे वाळायला कोरडी हवा लागते, कारण हवेत आधीच पाण्याची वाफ असते. नॅफ्थलीनची वाफ हवेत आधीपासून नसते, त्यामुळे गोळीला श्रावण आणि चैत्र सारखेच, फरक फक्त उष्णतेचा आणि वाऱ्याचा.

आणखी एक गैरसमज इथेच निस्तरू. कापूर, नॅफ्थलीन, आयोडीन यांना द्रव अवस्थाच नसते, असं अनेक जण ठामपणे सांगतात. तसं नाही. नॅफ्थलीन ८० अंशाला छान वितळतं, आयोडीन ११४ अंशाच्या आसपास, कापूर १७५ अंशाच्या पुढे. बेताने तापवलं की आयोडीनच्या जांभळ्या वाफा वितळण्याआधीच एवढ्या दाट निघतात की तळाचा द्रव कुणाच्या लक्षात येत नाही, इतकंच. १८११ साली बर्नार्ड कुर्त्वा या फ्रेंच रसायनज्ञाला आयोडीन सापडलं तेही या जांभळ्या वाफांमुळेच. आपल्या हवेच्या दाबाला खरोखर द्रव होऊच शकत नाही असा ओळखीतला पदार्थ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ड्राय आइस. त्याला द्रव व्हायला हवेच्या पाचपटीहून जास्त दाब लागतो. त्यामुळे उणे ७८.५ अंशाला तो थेट वायूच होतो.

सामान आणि आधी गोळीची ओळख

लागणारी महत्त्वाची वस्तू एकच: ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा. ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो. नसेल तर ओळखीच्या सराफाला विचारा. सराफी काटा त्याहून बारीक असतो, फक्त त्यावर डांबरगोळी उघडी ठेवू देणार नाही कुणी, झाकणाच्या डबीत न्यावी लागेल. बाकी कापूर पूजेच्या साहित्याच्या दुकानातून, गोळ्या किराणा दुकानातून, आणि स्टीलच्या दोन-तीन सारख्या वाट्या. त्या वाट्या नंतर जेवणात परत आणायच्या नाहीत, हे घरात आधीच जाहीर करून टाका.

डांबरगोळी म्हणून दुकानात दोन वेगळे पदार्थ मिळतात. एक नॅफ्थलीन, दुसरं पॅराडायक्लोरोबेंझीन. मुतारीत टाकतात त्या रंगीत वड्या बहुधा दुसऱ्या प्रकारच्या. हा ५३ अंशालाच वितळतो आणि नॅफ्थलीनपेक्षा कितीतरी झपाट्याने उडतो, त्यामुळे आपल्या हातात काय आहे हे कळल्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही. पाकिटावर नाव नसेल तर घरच्या घरी असं ओळखा: अर्धा ग्लास कोमट पाण्यात तीन मोठे चमचे मीठ पूर्ण विरघळवा. दुसऱ्या ग्लासात साधं पाणी. गोळी दोन्हीत टाकून बघा. साध्या पाण्यात बुडते पण मिठाच्या पाण्यात तरंगते, ती नॅफ्थलीन. दोन्हीकडे तळाला बसते, ती पॅराडायक्लोरोबेंझीन. साध्या पाण्यातच तरंगते, तो कापूर. कापराचा छोटा तुकडा स्वच्छ पाण्यावर टाकला तर नुसता तरंगत नाही, गरगर फिरतो. मुलांना तिथेच अडकू द्या पाच मिनिटं, काही बिघडत नाही.

आता सुरक्षिततेचं. याला कंटाळून पुढे जाऊ नका. कापराच्या वड्या खडीसाखरेसारख्या दिसतात आणि लहान मुलाने त्या गिळल्या तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात, अगदी थोड्या कापराने. गिळलाच तर उलटी काढत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. नॅफ्थलीनचा धोका वेगळा. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं, त्यांना नुसत्या नॅफ्थलीनच्या वाफेनेही तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. म्हणून बाळंतविडा, दुपटी, टोपडी यांत डांबरगोळी कधीच ठेवू नये. आजीने ठेवलेली असेल तर ते कपडे धुऊन, उन्हात दिवसभर वाळवून मगच बाळाला घाला. आणि प्रयोग चालू असताना शेजारी निरांजन, उदबत्ती, गॅस काहीही पेटतं नको. कापराची वाफ ज्योत बघितली की भडकते. आरतीला आपण तेच तर करतो: ताटातला कापूर जळतो म्हणजे मुख्यतः त्याची वाफ जळते.

वजनाचा प्रयोग

इथे घाई करू नका, बाकी सगळं यावर उभं आहे.

सारख्या आकाराच्या गोळ्या निवडा आणि प्रत्येक वाटीत एक न ठेवता पाच-पाच ठेवा. एका गोळीत दिवसाची घट इतकी कमी असते की काट्याच्या शेवटच्या आकड्यातच ती हरवते. पाच ठेवल्या की आकडा बोलायला लागतो. वाट्यांवर मार्करने क, ख, ग लिहा. रिकाम्या वाटीचं वजन आधी टिपा, मग गोळ्यांसकट.

क वाटी घरात सगळ्यात गार जागी, म्हणजे तळमजल्यावर, भिंतीलगत, पंख्यापासून लांब. फ्रिजमध्ये नको, सगळ्या घराचं दही डांबराच्या वासाचं होईल. ख वाटी पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवरच्या जिन्याच्या कोठडीत, सावलीत. सोलापुरात पत्र्याखाली दुपारी काय होतं ते वेगळं सांगायला नको. ग वाटी गार खोलीतच, पण चालू पंख्याखाली. प्रत्येक जागी एक साधा थर्मामीटर ठेवता आला तर उत्तम. भिंतीवर टांगायचा चालेल. तापाचा नको, तो ४२ अंशाच्या पुढे दाखवत नाही.

तिन्ही वाट्यांवर मलमलीचा किंवा जुन्या मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडने बांधा. हे वगळू नका. आपल्याकडच्या उन्हाळी वाऱ्यात धूळ इतकी असते की गोळी झिजते आणि वाटी भरते, मग वजन वाढलेलं दिसतं आणि मुलं गोंधळतात. तोलताना कापड काढून तोला.

रोज एकाच वेळी वजन घ्या, शक्यतो सकाळी, काटा आणि वाटी दोन्ही खोलीच्या तापमानाला आलेले असताना. तापलेली वाटी काट्यावर ठेवली तर तिच्याभोवतीची गरम हवा वर जाते आणि आकडा स्थिर राहत नाही. दर वेळी आधी एक नाणं तोला, तेच नाणं. नाण्याचं वजन झिजत नाही. त्याचा आकडा सरकला तर काटा सरकलाय, मग त्या दिवशीच्या नोंदीपुढे तसं लिहा.

काय अपेक्षा ठेवायची? स्थिर हवेत, सुमारे १ सेंटीमीटर त्रिज्येच्या आणि पावणेपाच ग्रॅम वजनाच्या नॅफ्थलीनच्या गोळीतून २५ अंशाला दिवसाला साधारण ०.०४ ग्रॅम जावं असं गणित सांगतं. ४० अंशाला ते ०.१५ ग्रॅमच्या आसपास जातं. वाटीतल्या पाच गोळ्या एकमेकींना चिकटून असतात, त्यामुळे पाचपटीपेक्षा घट कमीच भरेल. पण क आणि ख यांचं गुणोत्तर बघा, ते तापमानाप्रमाणे आलं पाहिजे.

ग वाटीचा आकडा मात्र बहुतेकांना बुचकळ्यात टाकतो. तापमान क वाटीएवढंच, आणि घट कितीतरी जास्त. स्थिर हवेत गोळीभोवती तिच्याच वाफेचं एक आवरण साचतं आणि निसटलेले रेणू त्यातून हळूहळू बाहेर पडतात. वारा ते आवरण उडवून लावतो. सेकंदाला एक मीटर वेगाची साधी झुळूकही उघड्या गोळीची घट दहापटीहून वर नेऊ शकते. कापड बांधल्यामुळे आपल्या वाटीत फरक त्याहून कमी दिसेल, पण दिसेल नक्की. म्हणजे गोळी लवकर संपायला ऊन जेवढं कारण, तेवढाच वारा. दुकानातल्या उघड्या काउंटरवर पंख्याखाली मांडलेल्या गोळ्या विकत घेताना हे आठवावं.

नोंदी चार-पाच आठवडे चालू ठेवता आल्या तर आणखी एक गोष्ट दिसते. गोळी लहान होत जाते तशी रोजची घट ग्रॅममध्ये कमी होते, पण गोळीच्या उरलेल्या वजनाच्या मानाने वाढत जाते. म्हणून मोठी गोळी महिनोन्‌महिने टिकते आणि शेवटचा दाणा दोन दिवसांत गायब होतो. अकरावी-बारावीच्या मुलांनी वजनाचा दोन-तृतीयांश घात काढून तो दिवसांपुढे मांडावा. जागेचं तापमान फारसं हललं नसेल तर आलेख बऱ्यापैकी सरळ रेषेत उतरतो. विज्ञान प्रदर्शनात धुराच्या मॉडेलपेक्षा या एका रेषेला परीक्षक जास्त वेळ देतात.

कापरानेही हेच करून बघा. तो नॅफ्थलीनपेक्षा बराच चपळ आहे, आठवड्याभरात फरक उघड दिसतो. वडी पूर्ण उडून गेल्यावर वाटीत काही उरलं का ते बघायला विसरू नका. शुद्ध कापूर मागे काही ठेवत नाही. पांढरी भुकटी किंवा मेणचट थर उरला तर वडीत दुसरं काहीतरी मिसळलेलं होतं.

मग पेटीत किती गोळ्या टाकायच्या?

हा प्रश्न घरातल्या बायकांना प्रयोगापेक्षा जास्त रास्त वाटतो, आणि उत्तर वरच्याच हिशेबात आहे. ४० अंशाला एक घनमीटर हवेत नॅफ्थलीनची वाफ फार तर २ ग्रॅमच्या थोडी वर मावते. पत्र्याची मोठी पेटी म्हणजे सुमारे २०० लिटर. तिच्यात मावणारी वाफ अर्ध्या ग्रॅमहून कमी. कपडे थोडी वाफ शोषून घेतात हे धरलं तरी घट्ट बंद पेटीत दोन-तीन गोळ्या भरपूर झाल्या. मूठभर टाकल्या म्हणून पेटीत जास्त वाफ होत नाही, साठा तेवढा वाढतो. पेटीचं झाकण वाकडं असेल तर कितीही टाका, वाफ फटीतून घरात येणार आणि ती तुम्ही हुंगणार. गोळ्या वाढवण्याआधी झाकण ठोकून सरळ करा.

आणि कशात ठेवायच्या हेही बघा. लोकर खाणारी अळी लोकर आणि रेशीम खाते, सुती कापड तिचं अन्न नाही. त्यामुळे सोलापुरी चादरींच्या थप्पीत गोळ्या ठेवण्याचा तसा उपयोग नाही. खळ असलेल्या सुती कपड्यांना चंदेरी कसरीचा त्रास होतो, पण त्यावर धुऊन, खळ काढून, कडकडीत वाळवून ठेवणं हा जास्त चांगला उपाय. घोंगडी, लोकरी शाल, पैठणी यांना मात्र गोळी हवी. तीही मलमलीच्या पुरचुंडीत, सगळ्यात वर, कारण वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली उतरते. जरीला टेकवू नका.

कापूर आणि डांबरगोळी एकाच कपाटात कधी ठेवू नका. दोघांच्या वाफा एकमेकांत मिसळतात आणि त्या मिश्रणाचा वितळणबिंदू दोघांच्याही खूप खाली येतो. आपल्या उन्हाळ्यात ते कपाटातच तेलकट द्रव होऊन साडीवर डाग पाडतं. कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल ही तीन कोरडी स्थायू द्रव्यं एका बाटलीत घातली की पाण्यासारखी अमृतधारा होते, त्यातलं तत्त्व हेच.

स्फटिक उगवताना बघायचे असतील तर

काट्याने मुलांचं समाधान झालं नाही तर हा डोळ्यांसाठी. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत चमचाभर कापराची पूड टाका. बरणीच्या तोंडावर स्टीलची ताटली ठेवा आणि ताटलीत बर्फाचे खडे. बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात उभी करा. पाणी ६०-७० अंशाचं, म्हणजे बोट बुडवून ठेवता येत नाही इतपत गरम, पण उकळतं नको. गॅस आधीच बंद केलेला असावा. नॅफ्थलीन वापरत असाल तर पाणी ८० च्या खाली राहिलंच पाहिजे, नाहीतर ते वितळेल आणि प्रयोगाचा मुद्दाच जाईल.

वीसेक मिनिटं हात लावू नका. मग ताटली अलगद उचलून खालची बाजू उजेडाकडे तिरकी धरा. कापराचे स्फटिक पिसासारखे, मऊ, एकावर एक चढलेले दिसतात. फुंकर मारली तरी हलतात. नॅफ्थलीनचे वेगळेच: अभ्रकासारखे पातळ पापुद्रे, कडा धारदार, कलते केले की चमकतात. इथे दोन्ही प्रवास एकाच बरणीत होतात. तळाशी स्थायूची वाफ होते, माथ्याशी वाफेचा परत स्थायू. या उलट क्रियेला निक्षेपण म्हणतात.

बर्फ आणि गरम पाणीही नको असेल तर झाकणबंद बरणीत कापूर घालून ती खिडकीत ठेवून द्या. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपार चाळिशीच्या पुढे आणि पहाट पंचविशीच्या आसपास, एवढा फरक स्फटिक उगवायला पुरतो. सकाळी बरणीची जी बाजू खिडकीच्या गार काचेकडे असते तिथे आधी दाणे धरतात.

मीठ आणि कापूर मिसळून वेगळं करायचा परीक्षेतला प्रयोगही याच बरणीत होतो. आधी तोललेलं मीठ शेवटी परत तोला, वजन जुळलं की झालं.

नवसागराची वेगळी गोष्ट

कल्हईवाला पितळी पातेलं भट्टीवर तापवतो, चिमूटभर नवसागराची पूड टाकतो आणि भप्पकन पांढरा धूर उठतो. मग कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने पुसतो, आणि काळं पातेलं रुप्यासारखं होतं. धूर नाकात गेला की झोंबतो, डोळ्यांत पाणी येतं. त्या झोंबण्यातच उत्तर आहे. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापवल्यावर त्याचा रेणू जसाच्या तसा उडत नाही, तो तुटतो: अमोनिया एकीकडे, हायड्रोजन क्लोराइड दुसरीकडे. पातेल्यावरचा काळा थर हटवतात ते हेच वायू. गार हवेत दोघं परत भेटले की पुन्हा नवसागराची भुकटी होते आणि तीच पांढऱ्या धुरासारखी दिसते. येताना आणि जाताना पदार्थ तोच असला तरी मध्ये रासायनिक बदल झालेला असतो.

शाळेच्या प्रयोगशाळेत हे दाखवता येतं. परीक्षानळीत नवसागर, त्यावर काचलोकरीचा सैल बोळा, आणि बोळ्याच्या वर ओला तांबडा लिटमस. नळी तापवली की हलका अमोनिया आधी पुढे सरकतो आणि लिटमस निळा होतो. थोड्या वेळाने जड हायड्रोजन क्लोराइड येऊन तो परत तांबडा करतो. हा प्रयोग शिक्षकांनीच, खिडक्या उघड्या ठेवून करावा. घरी नको.

फ्रीजरमधला बर्फ

पाण्याचा बर्फही उडतो. उणे २० अंशाला त्याचा बाष्पदाब १०० पास्कलच्या आसपास असतो, म्हणजे २५ अंशाच्या नॅफ्थलीनच्या नऊपट. तरी आपल्याला तो उडालेला दिसत नाही, कारण बर्फ इतका वेळ कुणी ठेवतच नाही. आइस ट्रे तीन-चार आठवडे विसरून बघा. चौकोनी खडे कडांनी गोल झालेले आणि खोलगट बसलेले सापडतील, विशेषतः आपोआप बर्फ काढणाऱ्या फ्रिजमध्ये, कारण त्यात कोरडी हवा सतत फिरते. उघडी ठेवलेली मटार किंवा मांस पांढरट, चिवट पडतं तेही यामुळेच.

प्रयोग म्हणून सुती रुमाल ओला करून पिळा, तोला, आणि फ्रीजरमध्ये जाळीवर पसरून ठेवा. तासाभरात पापडासारखा कडक होतो. त्यानंतर दर दोन दिवसांनी तोलत जा. काही दिवसांनी तो मऊ आणि बऱ्यापैकी कोरडा हाताला लागतो, मध्ये एकदाही ओला न होता. लाइट गेली आणि बर्फ वितळला तर मात्र सगळं मुसळ केरात. त्यासाठी शेजारी एक वाटी पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवा. नाणं खाली बुडलेलं दिसलं की फ्रीजर मध्ये वितळला होता, प्रयोग पुन्हा लावा.

डाळिंबाचे दाणे फ्रीझ-ड्राय करून विकतात त्यातही हेच घडतं, पण त्याला निर्वात पंप लागतो. दाणे गोठवायचे, मग दाब ६११ पास्कलच्या खाली न्यायचा. तिथे पाण्याला द्रव होण्याची मुभाच नाही. एक किलो बर्फ असा उडवायला सुमारे २,८३५ किलोज्यूल ऊर्जा जाते, शिवाय पंपाची वीज वेगळी. म्हणून ते पाकीट महाग. घरच्या फ्रीजरमध्ये डाळिंब असं वाळवायच्या नादी लागू नका, दाणे आधी बेचव होतील.

लग्नातला धूर

हल्ली मंगल कार्यालयात नवरा-नवरी ढगातून चालत येतात. मशीनमध्ये गरम पाणी असतं, त्यात ड्राय आइस सोडतात. दिसतो तो पांढरा ढग कार्बन डायऑक्साइडचा नसतो, तो वायू अदृश्य आहे. गार वायूने पाण्याची वाफ थिजून झालेले ते बारीक थेंब. पण त्या ढगासोबत वायूही पसरतो. तो हवेच्या दीडपट जड असल्याने जमिनीलगत साचतो. एक किलो ड्राय आइसचा ५०० लिटरहून जास्त वायू होतो. मोकळ्या मंडपात काही होत नाही. एसी लावलेल्या बंद हॉलमध्ये मात्र दारं उघडी ठेवा, आणि पुढे जमिनीवर बसलेल्या पोरांना त्या ढगात लोळू देऊ नका.

आणताना गाडीच्या काचा खाली ठेवा. खोका थर्माकोलचा, झाकण सैल. स्क्रूच्या झाकणाच्या बाटलीत किंवा थर्मासमध्ये भरून झाकण आवळलं तर तो बॉम्ब झाला म्हणून समजा. उघड्या हाताने धरू नका, जाड हातमोजे किंवा दुमडलेलं फडकं वापरा. उरलेला तुकडा बेसिनमध्ये टाकू नका, पाइप तडकतो. गच्चीवर मोकळ्या जागी ठेवून द्या, आपोआप जातो. तोलायला मात्र हा सगळ्यात मजेदार पदार्थ. काट्यावर लाकडी फळी ठेवून तिच्यावर तुकडा ठेवला की आकडा डोळ्यांदेखत उतरतो.

टॉवेलवर फोटो छापून मिळेल का?

हा प्रश्न आपल्या गावाचाच. सब्लिमेशन प्रिंटिंगची मशीनं आता गल्लोगल्ली आहेत: मग, टी-शर्ट, मोबाइलची कव्हरं. त्यातली शाई कागदावर उलटी छापतात, कागद वस्तूवर टेपने चिकटवतात आणि १९०-२०० अंशाला मिनिटभर दाबतात. शाईतला रंग त्या उष्णतेला वायू होतो आणि पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरून बसतो. गार झाल्यावर तो धाग्याच्या आतच अडकतो, म्हणून हाताला थर लागत नाही. मगवर पॉलिएस्टरसारखा लेप असतो, त्यामुळे तिथेही चालतं.

सोलापुरी टर्किश टॉवेल सुती. सुताच्या धाग्यात हे रंग धरत नाहीत. दुकानदार छापून देईल, पहिल्या दिवशी फिक्का का होईना फोटो दिसेलही, पण काही धुण्यांत तो उतरतो. लग्नात वाटायला नाव-फोटोचे टॉवेल हवे असतील तर पृष्ठभाग पॉलिएस्टरचा असलेला मायक्रोफायबर टॉवेल घ्या, तोही पांढरा किंवा फिकट, कारण या शाईत पांढरा रंग नसतो आणि गडद कापडावर काही उठत नाही. खरा सुती टॉवेलच द्यायचा असेल तर नाव भरतकामाने काढून घ्या. कापडाबद्दल शंका असेल तर कडेचा एक धागा उपसून चिमट्यात धरा आणि पेटवा: कागद जळल्याचा वास आणि राखेची भुकटी म्हणजे सूत, वितळून काळा कडक मणी झाला तर पॉलिएस्टर.